बोयांची बंडी

नाटे गावच्या एका तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याच्या, पडवीत, देवाच्या तसबिरीशेजारी, खुंटीला एक नारिंगी जाकीट टांगलेलं होतं. माणूस समुद्रात पडला तर त्याला पाण्यावर धरून ठेवणारं ते जाकीट महिन्यापूर्वी मीच त्याच्या होडीसाठी दिलं होतं. मुंबईहून आलेली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा त्यानं अजून काढली नव्हती.

“हे इथं कसं?” मी विचारलं.

“मग कुठं ठेवणार, सायब? होडीवर नेला तर खाऱ्या पाण्यानं खराब व्हायचा.”

तो थट्टा करत नव्हता. चांगली वस्तू चांगल्या जागी ठेवली होती, एवढंच. मी पुढच्या घरी गेलो. तिथं एक तान्हं पोर तसल्याच जाकिटावर डोकं ठेवून झोपलं होतं. त्याच्या पुढच्या घरात ते बाळंतिणीच्या पाठीला टेकू म्हणून लावलं होतं. गावात वाटलेल्या जाकिटांपैकी एकही त्या दिवशी समुद्रावर गेलेलं नव्हतं. मी किनाऱ्यावर येऊन उभा राहिलो. समोर होड्या निवांत डोलत होत्या आणि पाण्यावर मार्गशीर्षातलं पातळ, दुधट धुकं होतं. त्यात होड्यांचे बुडखे दिसत नव्हते, त्यामुळं त्या हवेतच बांधून ठेवल्यासारख्या वाटत होत्या.

ही ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. तटरक्षक दलात येऊन मला थोडीच वर्षं झाली होती, वय अठ्ठावीस. माझी नेमणूक रत्नागिरीला होती. मिऱ्याच्या बाजूला दोन खोल्यांची कचेरी, एक वायरलेस संच, एक गस्तीची नौका आणि तिच्यावरची माणसं, एवढाच आमचा पसारा. हर्ण्यापासून नाट्यापर्यंतचा किनारा आम्ही वरखाली करायचो. चोरटा माल येतो का ते बघायचं, परक्या होड्या हटकायच्या, आणि उरलेल्या वेळात मच्छीमारांना सांगायचं की बाबांनो, रेडिओवर हवामान ऐका, होडीवर जाकिटं ठेवा, निघताना मागं कुणाला तरी सांगून निघा. हे शेवटचं काम बहुतेकांना दुय्यम वाटे. मला मात्र तेच आवडे, कारण त्यात किनाऱ्यावर उतरून माणसांशी बोलायला मिळे.

मी मूळचा लांज्याकडचा. आमचं घर सड्याच्या कातळमाळाखाली, भाताच्या खाचरांच्या कडेला. समुद्र एवढा जवळ असूनही आमच्या घरातल्या कुणाचा त्याच्याशी संबंध नव्हता. वडील मुंबईत एका छापखान्यात कामाला, वर्षातून दोनदा येत. मी पोहायला शिकलो ते नदीच्या डोहात, जिथं कुठल्याही बाजूनं दहा हात मारले की काठ लागे. मी तटरक्षक दलात गेलो तेव्हा आईला वाटलं की मला कस्टमात नोकरी लागली. ती शेवटपर्यंत शेजारणींना तसंच सांगत राहिली आणि मीही तिला कधी दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी नाट्यातून निघताना तांडेलाच्या बहिणीनं मला हाक मारली.

ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी असेल, पन्नाशीची. नवरा गेल्यापासून भावाकडे राहत होती. तिच्या भाच्यांनी तिला आते म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळा गावच तिला आते म्हणू लागला. मासे खारवणं, सुकवणं हे तिचं काम होतंच, पण त्याशिवाय पडवीच्या टोकाला तिचं हातानं फिरवायचं शिलाई मशीन होतं. गावातल्या बायकांच्या चोळ्या, पोरींचे परकर, होडीच्या शिडाची ठिगळं, सगळं त्याच मशीनवर होई.

“सायब, जाकिटा का नाय घालत ता मी सांगू?” ती म्हणाली. “भाऊ सांगायचा नाय तुम्हांला.”

“सांगा.”

“पयली गोष्ट म्हणजे, ता जाकीट छातीवर एवढा फुगीर. जाळा ओढताना दोरी त्यात अडकते. मग दोरीबरोबर माणूसच जातो खाली. आणि दुसरी गोष्ट...” तिनं आवाज खाली आणला. “असला काय अंगात घालून निघाला, म्हणजे मी आज पाण्यात पडायला येतोय असा समुद्राला सांगितल्यासारखा होता. बोलत नाय कोण. पण सगळ्यांच्या मनात ताच हाय.”

तिनं हातातली चोळी खाली ठेवली.

“माझा घरवाला पोहणारा होता,” ती म्हणाली. “भर दुपारी गेला. वारा नाय, लाट नाय. जाळा सोडताना पाय अडकला आणि गेला खाली. पाय सोडवून वर आलेला होडीतल्यांनी बघितला. होडी वळवून आणीपर्यंत नायसा झाला. दहा मिनिटा, सायब. दहा मिनिटा त्याला कोणी वर धरून ठेवला असता तर झाला असता.”

हे ती रडत सांगत नव्हती. इतक्या वर्षांत तिनं मनात त्याला एवढ्या वेळा वर धरलं असणार, की दहा मिनिटं म्हणताना तिचे दोन्ही तळवे उताणे पुढं आले होते, कुणाच्या तरी काखेत हात घालावेत तसे.

मी रत्नागिरीला परतलो आणि वर अहवाल धाडला की जाकिटं गैरसोयीची आहेत, मच्छीमार वापरत नाहीत. उत्तर आलं की जाकिटं मान्यताप्राप्त आहेत, समजावून सांगावं. मी पुन्हा समजावून सांगू लागलो. मालगुंडला सांगितलं, हर्ण्याला लिलावाच्या गर्दीत उभं राहून सांगितलं. लोक मान डोलवत, चहा पाजत आणि दुसऱ्या दिवशी उघड्या अंगानं निघून जात.

पुढच्या वेळी नाट्याला गेलो तेव्हा आतेच्या पुढ्यात बोयांचा ढीग होता. जाळ्याची वरची कड पाण्यावर तरंगत राहावी म्हणून तिला जी हलकी, फुगीर बोंडं बांधतात, त्यांना तिकडे बोया म्हणतात. पूर्वी त्या लाकडाच्या असत. तेव्हा फोमच्या येऊ लागल्या होत्या. वापरून झिजल्या, फुटल्या की लोक त्या किनाऱ्यावर टाकून देत. आतेनं तसल्या टाकलेल्या बोया गोळा केल्या होत्या आणि विळीवर त्यांच्या चपट्या फोडी करत बसली होती, भोपळ्याच्या फोडी कराव्यात तशा.

“हे काय चाललंय?”

“बंडी,” ती म्हणाली. “बघा, जमतीय काय.”

जुन्या सुती लुगड्याचे दोन थर, मध्ये त्या फोडी ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येक फोडीभोवती गोधडीसारखी टीप. जिथं मशीनची सुई मोडे तिथं तिनं जाळं विणायच्या नायलॉनच्या सुतानं हातानं शिवलं होतं. बाह्या नाहीत, गळा मोठा, पुढं बटणांऐवजी दोन नाड्या. छातीवर ती बोटभर जाडीची होती, पाठीवर थोडी अधिक. वरून सदरा घातला तर कळणारही नाही अशी.

“ह्याला मी जाकीट म्हणत नाय,” ती म्हणाली. “थंडीची बंडी. पहाटे पाण्यावर गारठा मरणाचा असतो. एकान घातली न् ऊब लागली की दुसरा मागायला येतो.”

मी ती हातात घेतली. तिला माशांचा, खोबरेल तेलाचा आणि जुन्या कपड्याचा वास होता. कुठल्याही नियमपुस्तकात न बसणारी वस्तू. तिच्यावर शिक्का नाही, नंबर नाही, तपासणीचा कागद नाही. पण पेटीतल्या नियमपुस्तकापेक्षा ती मला खरी वाटली.

मी वरिष्ठांशी वायरलेसवर बोललो. ते मुंबईला बसत. चांगला माणूस, पण कडक.

“घरी शिवलेली?” ते म्हणाले. “आणि उद्या त्यातला एखादा बुडाला तर काय सांगणार तुम्ही? तुमच्या तोंडून त्या बंडीचा प्रचार झालेला मला चालणार नाही.”

त्यांचं चूक नव्हतं. ती बंडी माणसाला धरते की नाही हे मलाही माहीत नव्हतं. ते कळायचा एकच मार्ग होता. मी एका दिवसाची रजा टाकली आणि एसटीनं राजापूरमार्गे नाट्याला गेलो.

तांडेलाला बेत सांगितला तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.

“तुम्ही? पाण्यात? किती वेळ?”

“जमेल तेवढा. हातपाय न हलवता.”

“आणि काय झाला तर?”

“तुम्ही आहात ना जवळ. दोनशे हातांवर उभे राहा. मी हात वर केला तर या. नाही केला तर येऊ नका.”

त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, “जा, घेऊन जा त्यांना. मी शिवलीय. मला काय ता कळायला हवा.”

सकाळी अकराच्या सुमारास आम्ही आंबोळगडाचं टोक ओलांडून बाहेर आलो. तांडेलानं इंजिन बंद केलं. मी बंडी घातली, नाड्या बांधल्या, वरून सदरा घातला आणि कठड्यावरून पाय सोडून पाण्यात शिरलो. होडी हळूहळू लांब गेली.

सुरुवातीला मला सगळीच भीती वाटली. खालच्या खोलीची भीती वाटली, कारण तिथं तळ नाही हे मला नकाशावरून आकड्यासकट ठाऊक होतं. पायाला काही लागल्यासारखं होई आणि काही नसे. बंडी भिजली, कापड जड झालं, आणि मला वाटलं संपलं, आता ही मलाच खाली नेणार. पण ती तिथंच थांबली. माझी हनुवटी पाण्याच्या वर चार बोटं राहिली. मी हात सोडले. मग पाय सोडले. मग मान मागं टाकली, कान पाण्यात गेले, आणि सगळं जग एकदम बदललं.

पाण्यात कान असताना समुद्र गरजत नाही. तो कुजबुजतो. खालून कुठून तरी तडतड असा बारीक आवाज येत होता, जोंधळा भाजावा तसा, एकसारखा. पुढं कधीतरी कुणी मला सांगितलं की खडकातले झिंगे तसा आवाज करतात, पण त्या वेळी मला वाटलं की ऊन पाण्यात शिरतंय त्याचाच हा आवाज. वर आकाश एवढं होतं की त्याला कड नव्हती. एक पांढरा पक्षी माझ्यावर येऊन थांबला, मला नीट निरखलं, आणि आपल्या कामाचं काही नाही असं ठरवून निघून गेला.

लाट आली की मी वर जाई. तेव्हा किनारा दिसे. जांभ्याचा लाल कडा, त्यावरचा पिवळा पडलेला सडा, दूर दीपगृहाचा पांढरा खांब, आणि वाळूवर मासे सुकत घालणाऱ्या बायकांचे बारीक ठिपके. त्यातला एक ठिपका बराच वेळ हलत नव्हता. मग लाट उतरे आणि किनारा मिटून जाई, जसं कुणी डोळ्यांवर हात धरावा. पुन्हा लाट, पुन्हा किनारा. तो इतका जवळ दिसे की वाटे हाक मारली तर आवाज पोचेल. मी मनातल्या मनात अंतर मोजत नव्हतो. मला ते ठाऊक होतं. तरीही प्रत्येक वेळी किनारा वर आला की माझं अंग त्याच्याकडे वळे, जसं मूल कुशीवर वळतं.

मग मला आतेच्या नवऱ्याची आठवण झाली. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण त्यानं पाहिलं ते मी पाहत होतो. हाच लाल कडा, याच बायका, एवढ्याच जवळ. त्या दहा मिनिटांत त्याला पोहून जाता येईल असं वाटलं असणार, आणि म्हणून तो पोहत राहिला असणार, दमेपर्यंत. कुणी त्याला नुसतं पडून राहू दिलं असतं तर! इतके दिवस मी गावोगाव लोकांना सांगत होतो की जाकीट घाला, आणि मी काय सांगत होतो हे मला स्वतःला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर वेळेचं काही कळेना. मला डोहातलं हिरवं पाणी दिसलं. वडील छापखान्यातून आल्यावर हात धुताना दिसले. पाण्यात त्यांच्या बोटांची शाई निळी होऊन उतरत होती. ते मला काही तरी विचारत होते आणि मी इथून, आंबोळगडाबाहेरून, त्यांना उत्तर देत होतो. बहुधा मला झोप लागली होती. समुद्रात, एकटा, बोयांच्या फोडींवर मला झोप लागली, आणि ती माझ्या आयुष्यातल्या चांगल्या झोपांपैकी एक होती. ही गोष्ट मी माझ्या कुठल्याही वरिष्ठाला कधी सांगितली नाही.

जाग आली ती तांडेलाच्या ओरडण्यानं. त्याला राहवलं नव्हतं. मी हात वर केलेला नसतानाही तो होडी घेऊन आला होता आणि काठावरून वाकून माझ्यावर संतापला होता.

“हलत नाय, बोलत नाय! मी काय समजायचा, सायब?”

त्यानं आणि त्याच्या खलाशानं मला ओढून वर घेतलं. तीन वाजले होते. म्हणजे मी चार तास पाण्यात होतो. तळहातांवर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या पडल्या होत्या आणि दात वाजत होते.

किनाऱ्यावर आते उभी होती. तिनं मला पाहिलं, मग मला सोडून बंडी पाहिली. टीप उसवली का ते तपासलं, फोडी दाबून बघितल्या.

“कशी वाटली?”

“धरते,” मी म्हणालो. “पण वर चढते. बऱ्याच वेळानं नाडी गळ्याशी येते, हनुवटी कापली जाते.”

ती विचार करू लागली. मग म्हणाली, “पायातून एक पट्टी घेतली, काष्ट्यासारखी, तर?”

“तर बसेल.”

“आणि तू काय केलास चार तास?”

इतके दिवस ती मला अहो-जाहो करत होती. त्या दिवसापासून मी तिला ‘तू’ झालो, आणि मला ते बरं वाटलं.

“झोपलो,” मी म्हणालो.

ती हसली. तिला मी प्रथमच हसताना पाहत होतो.

मी बंडीचा प्रचार केला नाही. वरिष्ठांनी नको म्हटलं होतं, ते पाळलं. मी फक्त काय केलं आणि काय झालं ते पत्रात लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. पण प्रचाराची गरजही नव्हती. पौषातला गारठा पडला, पहाटे निघणाऱ्या खलाशांनी बंड्या घातल्या, ऊब लागली, आणि आतेकडे बोया आपसूक येऊ लागल्या. शेजारच्या दोघी-तिघी तिच्या पडवीत येऊन फोडी करू लागल्या. पडणं, बुडणं, समुद्र असले शब्द तिथं कुणी काढत नसे. थंडी फार आहे, एवढंच बोलणं. फक्त तिच्या भावानं बंडी घातली नाही. तिनं शिवून दिलेली त्यानं सरकारी जाकिटाशेजारच्या खुंटीला लावून ठेवली. “मला नाय लागत थंडी,” तो म्हणे.

माघ महिन्यात आमची नौका एकदा जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी नांगरून होती. सकाळी धुकं एवढं होतं की नौकेच्या एका टोकावरून दुसरं टोक दिसत नव्हतं. सात-साडेसातला नाट्याची एक होडी चाचपडत आमच्याजवळ आली. तिच्यावरचे लोक घाबरलेले होते. त्यांची होडी आणि आमच्या तांडेलाची, आतेच्या भावाची होडी जवळजवळ मासेमारी करत होत्या, एकमेकांना हाका मारत. मग धुक्यातून एक मोठं मालवाहू जहाज आलं, भोंगा न वाजवता, आणि न थांबता निघून गेलं. त्याच्या लाटेनं यांची होडी कशीबशी सावरली. त्यानंतर त्यांनी हाका मारल्या तर तांडेलाच्या होडीकडून उत्तर नाही.

“किती माणसं?” मी विचारलं.

“पाच.”

आम्ही नांगर उचलला. धुक्यात शोधणं म्हणजे काय ते सांगणं कठीण आहे. डोळ्यांचा उपयोगच नसतो. सगळीकडे एकच मऊ पांढरेपणा, वर-खाली कळत नाही, आपली नौका पुढं चालली आहे यावरही विश्वास बसत नाही. भरतीची वेळ आणि वारा धरून मी नकाशावर एक पट्टा आखला आणि त्यात आम्ही सावकाश येरझारा घालू लागलो. दर काही मिनिटांनी मी इंजिन बंद करायला सांगत होतो. मग सगळे कठड्याला लागून, श्वास धरून, ऐकत. पाणी थेंबथेंब पडल्याचा आवाज. नौका कुरकुरल्याचा आवाज. बाकी काही नाही. पुन्हा इंजिन, पुन्हा बंद.

एक तास गेला, दोन गेले. तिसऱ्या तासाला माझ्या नाविकांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं. मला आतेचे ते उताणे तळवे सारखे दिसत होते.

अकराला थोडा वेळ असेल. इंजिन बंद होतं. आणि धुक्यातून, उजव्या हाताला, भांडण ऐकू आलं.

खरंच भांडण. दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती.

“अरे ता पूर्व हाय, सूर्य बघ कुठं हाय!”

“सूर्य दिसतोय काय तुला? शाणा झालास!”

माझ्या शेजारचा नाविक तोंडावर हात धरून हसायला लागला, आणि मग रडायला लागला. आम्ही आवाजाच्या दिशेनं सरकलो. धुकं जरा फाटलं आणि पाण्यात पाच डोकी दिसली. चौघांच्या अंगात बंड्या होत्या. त्यांनी जाळ्याच्या दोरीनं एकमेकांना बांधून घेतलं होतं आणि मधोमध, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, तांडेल होता. बंडी नसलेला एकटा तोच. किनारा कुठल्या बाजूला, यावरून ते भांडत होते. दोघांना पोहत जायचं होतं. दोघं जाऊ देत नव्हते. तांडेल गप्प होता. त्याला बोलण्याइतकी ताकद उरली नव्हती.

पाचही जणांना आम्ही वर घेतलं. घोंगड्या दिल्या, गरम चहा पाजला. तांडेलाच्या हातात पेला ठरेना म्हणून मी तो धरला. दोन घोट गेल्यावर तो म्हणाला,

“सायब, एक काम कराल? जरा उशिरानं न्या मला घरी.”

“का?”

“तिच्याम्होरं कसा जाऊ?”

पण उशीर करता येण्यासारखा नव्हता. किनाऱ्यावर गाव जमलेला असणार. दुपारी धुकं विरलं आणि आम्ही त्यांना उतरवलं. बायका पाण्यात कमरेएवढ्या शिरून आपापल्या माणसांना धरत होत्या. आते त्यात नव्हती. मी तांडेलाला हाताला धरून घरापर्यंत नेलं. ती पडवीत मशीनवर बसली होती. सकाळपासून ती तशीच शिवत बसली होती, असं शेजारणीनं मागाहून मला सांगितलं. पाण्याकडे बघणार नाही म्हणाली. आम्हांला पाहून तिचा हात मशीनच्या चाकावर थांबला. चालू टीप तिनं शेवटाला नेली, दोरा तोडला, आणि मग उठून भावासमोर उभी राहिली. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, गाल, कान, आंधळ्या माणसानं ओळख पटवावी तसा.

“तुझी बंडी खुंटीला हाय,” ती म्हणाली. “थंडी वाजत असेल तर घाल.”

तो तिच्या पायाशी बसला आणि पडवीच्या खांबाला टेकून लहान मुलासारखा रडला. मी तिथून निघालो.

आठवड्याभरात वरिष्ठ मुंबईहून आले. मी अहवालात एवढंच लिहिलं होतं की पाच माणसं जिवंत मिळाली, चौघांच्या अंगात घरी शिवलेली तरंगती बंडी होती. त्यांनी एक बंडी मागवून घेतली, कचेरीच्या टेबलावर पसरली, आणि बराच वेळ टिपांवरून बोट फिरवत राहिले.

“ही मान्य होणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “कुठल्याच कागदात बसत नाही.”

“होय, सर.”

“पण मी त्यांना थंडीची बंडी घालू नका असंही सांगू शकत नाही.” त्यांनी ती घडी करून मला परत दिली. “ते जहाज कुठलं होतं, काही कळलं?”

कळलं नाही. आम्ही बंदरोबंदरी विचारलं, पत्रं लिहिली, नोंदी चाळल्या. ते धुक्यातून आलं आणि धुक्यात गेलं. पुढं माझ्या नोकरीत मी अशी अनेक जहाजं अडवली, कप्तानांना जाब विचारले, किनाऱ्याजवळून जाताना वेग कमी करायला लावला. प्रत्येक वेळी मला वाटे, हेच असेल का ते?

त्याच वर्षी पावसाळ्याआधी माझी बदली पूर्व किनाऱ्यावर झाली. निघण्यापूर्वी नाट्याला जाऊन आलो. आते भेटली नाही. ती हर्ण्याला नातेवाइकांकडे गेली होती, तिथल्या बायकांना काहीतरी दाखवायला, असं तांडेल म्हणाला. काय ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानं मला भात आणि सुरमईची आमटी जेवू घातली.

उन्हं कलताना मी किनाऱ्यावर जाऊन बसलो. पाणी तांब्यासारखं झालं होतं. एकेक होडी आत येत होती आणि माणसं गुडघाभर पाण्यात उड्या टाकून त्या ओढत होती. वैशाख लागला होता, उकाडा होता, थंडीचं नावही नव्हतं. तरी सदऱ्यांखाली सगळ्यांच्या छात्या जरा फुगीर दिसत होत्या. परक्या कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या गावची माणसं अंगानं चांगली भरलेली आहेत.